पाण्यातली औषधे आणि रेणूंचे जाळे

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर कधी गेलात, तर तेथे पसरलेली जाळी नीट पाहा. सुरमईच्या जाळ्याची भोके चांगली मोठी असतात. जवळा धरायच्या जाळ्याचे टोक मात्र इतके बारीक विणलेले असते, की दुरून ते कापडच वाटावे. जाळ्याच्या भोकाला मच्छीमार ‘आस’ म्हणतात. आस केवढा आहे, यावर जाळ्यात कोण अडकणार आणि कोण निसटणार हे ठरते. जवळा धरायला सुरमईचे जाळे घेऊन कोणी समुद्रावर जात नाही.

आता अशी कल्पना करा, की आपल्याला मासा नाही, तर पाण्यात विरघळलेली औषधाची गोळी धरायची आहे. गोळीचे कण दिसत नाहीत, ते तळाशी बसत नाहीत, त्यांना वास नाही आणि रंगही नाही. त्यांच्यासाठी जाळे विणायचे, तर त्याचा आस केवढा ठेवावा लागेल? हा प्रश्न गमतीचा नाही. जगभरचे रसायनशास्त्रज्ञ आणि अभियंते गेली काही दशके तो सोडवीत आहेत, आणि कोकणच्या खाड्यांनाही त्याचे उत्तर हवे आहे.

गोळी जाते कुठे?

आपण औषध घेतो, बरे होतो आणि ते विसरून जातो. औषध मात्र संपलेले नसते. त्याचा काही भाग शरीरात बदलतो आणि काही भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन जवळजवळ सगळेच न बदलता बाहेर येते. दुखऱ्या गुडघ्याला चोळलेल्या डायक्लोफिनॅकच्या मलमाचा फार थोडा भाग कातडीत मुरतो. उरलेला आंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीत जातो. जुन्या झालेल्या गोळ्या कोणी संडासात टाकतो, तर कोणी उकिरड्यावर.

तेथून पुढचा रस्ता जमिनीवर अवलंबून असतो. रत्नागिरीच्या सड्यांवर जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असल्याने शोषखड्ड्यातले पाणी त्यातून भराभर झिरपते. कोकणातल्या नद्याही आखूड आहेत. सह्याद्रीवरून निघालेले पाणी थोडक्या अंतरात खाडीला मिळते. वाटेत सूर्यप्रकाशाने आणि जिवाणूंनी औषधाचे रेणू मोडावेत, एवढा अवधीच त्यांना फारसा मिळत नाही.

शरीराबाहेर पडलेल्या औषधाचे सामर्थ्य किती टिकते, याचा धडा आपल्याला गिधाडांनी दिला. आजारी गुरांना डायक्लोफिनॅक दिले जाई. अशी गुरे मेली, की त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर देशातली बहुतेक गिधाडे नाहीशी झाली होती.

चमचाभर संप्रेरक, लाख टँकर पाणी

औषधांहून अधिक नाजूक प्रश्न संप्रेरकांचा आहे. अंतःस्रावी ग्रंथी रक्तात संप्रेरके सोडतात. वाढ, पचन, पुनरुत्पादन अशा कामांच्या आज्ञा ती शरीरभर पोचवितात. फार थोड्या संप्रेरकाने मोठे काम होते. म्हणूनच संप्रेरकासारखा दिसणारा एखादा परका रेणू बाहेरून आला, तर तो खोट्या आज्ञा देऊ लागतो. असे रेणू गर्भनिरोधक गोळ्यांत असतात, तसेच काही प्लॅस्टिकांत, कीटकनाशकांत आणि रंगांतही असतात.

कॅनडात एका प्रायोगिक तलावावर याची कसोटी घेण्यात आली. २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत संशोधकांनी त्या तलावात गर्भनिरोधक गोळीतले इथिनिल एस्ट्राडायॉल सोडले. प्रमाण होते लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. उन्हाळ्यात आपल्या वाड्यांवर येतो तसा १०,००० लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे एक लाख टँकर भरले आणि त्या सगळ्यांत मिळून चहाच्या चमचाभर, म्हणजे पाच-सहा ग्रॅम, पदार्थ मिसळला, तर हे प्रमाण होईल.

एवढ्यानेच तलावातल्या मिनो जातीच्या लहान माशांचे नर मादीप्रमाणे अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार करू लागले. प्रजनन बिघडले आणि काही वर्षांत त्या माशांचा तलावातून जवळजवळ नायनाट झाला. एकही मासा विषाने तडफडून मेला नव्हता. नवी पिढीच आली नाही. संप्रेरक सोडणे थांबविल्यावर मात्र काही वर्षांनी मासे पुन्हा वाढले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तीच या विषयातली आशा आहे.

आपल्या किनाऱ्यावरही असा पुरावा आहे. क्रोनिया कोंकणेन्सिस या शंखाच्या गोगलगाईच्या नावातच कोकण आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांना या जातीच्या माद्यांत नराची इंद्रिये वाढलेली आढळली. त्यांनी १९९९ मध्ये तशी नोंद प्रसिद्ध केली. असा विकार घडवून आणणारा पदार्थ म्हणजे ट्रायब्युटिल टिन. जहाजांच्या बुडाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत, म्हणून ते रंगात घालीत. समुद्र गाळता येत नाही. त्यामुळे उपाय एकच उरला. आंतरराष्ट्रीय करार होऊन २००८ पासून जहाजांवर अशा रंगांना मनाई झाली.

वजनात न दिसणारे विष

रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यात लोटे-परशुराम ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे रसायने, औषधी द्रव्ये आणि कीटकनाशके बनविणारे कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्यासाठी सामायिक शुद्धीकरण केंद्र आहे, आणि तेथील पाणी पुढे दाभोळच्या खाडीत जाते. खाडीत मासे मरून तरंगतात, अशा तक्रारी तेथील मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

अशा केंद्रातून बाहेर पडणारे पाणी कसे मोजतात? एक महत्त्वाचे माप म्हणजे रासायनिक प्राणवायूची मागणी. पाण्यातील सारे सेंद्रिय पदार्थ जाळून टाकायला किती प्राणवायू लागेल, हे ते सांगते. सामायिक केंद्रांसाठी त्याची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. माप उपयोगी आहे, पण ते एकूण वजनाचे आहे. टोपलीतले मासे किती किलो भरले हे त्यावरून कळते. त्यांत विषारी मासा आहे का, हे कळत नाही. आता गणित करा. २५० मिलिग्रॅम म्हणजे २५ कोटी नॅनोग्रॅम. कॅनडाच्या तलावातले प्रमाण होते पाचच्या आसपास. मर्यादेच्या पाच कोटीव्या भागाएवढा पदार्थ त्या मापात दिसणार कसा?

तेलंगणात हैदराबादजवळ पाटणचेरू येथे काय आढळले, तेही पाहा. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेल्या, म्हणजे शुद्ध केलेल्या पाण्याची तपासणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. ते औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही एवढे नसते. अशा पाण्यात जे जिवाणू टिकतात, ते त्या औषधाला दाद न देणारे असतात. उद्या तेच माणसाच्या अंगात शिरले, तर डॉक्टरांच्या हातातले हत्यार बोथट झालेले असते.

सर्वांत बारीक जाळे

गावाला पाणी पुरविणाऱ्या केंद्रात तुरटी फिरवितात, गाळ खाली बसवितात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन घालतात. यांतले प्रत्येक काम मोलाचे आहे. त्यामुळेच पटकी आणि विषमज्वर आटोक्यात आले. पण तुरटी गढूळपणाचे कण एकत्र आणते, विरघळलेल्या रेणूंना ती फारशी हात लावीत नाही. वाळूतून तर ते खुशाल निसटतात. पाणी उकळले तर जंतू मरतात, पण बहुतेक औषधे मागेच राहतात. वाफ गेल्याने उलट थोडी दाट होतात.

रेणू धरायचे तर जाळे रेणूंच्या मापाचे हवे. अशा जाळ्याला पटल म्हणतात. निसर्गात ते पूर्वीपासून आहे. १७४८ मध्ये फ्रान्समध्ये नोले याने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातडीने बांधून ते पाण्यात बुडविले. पाणी आत शिरत गेले आणि कातडी फुगली. पाण्याला वाट देणाऱ्या, पण विरघळलेल्या पदार्थाला अडविणाऱ्या पटलाला आपण अर्धपारगम्य म्हणतो, आणि या क्रियेला परासरण. विरळ द्रावणातले पाणी दाट द्रावणाकडे आपणहून जाते. दाट बाजूवर पुरेसा दाब दिला, तर ते उलट वळते आणि पदार्थ मागे राहतो. हेच उलट परासरण. बाजारात त्याला आर. ओ. म्हणतात. समुद्राचे पाणी असे गाळायला वातावरणाच्या ५५ ते ७० पट दाब लागतो.

तत्त्व सोपे होते, पण जाड पटलातून पाणी थेंबथेंबच येई. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अॅसिटेटचे नवे पटल केले. त्याची वरची त्वचा अत्यंत पातळ व दाट होती आणि खालचा भाग स्पंजासारखा भरड होता. अडविण्याचे काम त्वचेने करायचे, आधार स्पंजाने द्यायचा. पाणी कितीतरी पट वेगाने येऊ लागले. पुढे पॉलिअमाइडची त्वचा आली, आणि आजची बहुतेक पटले त्याच जातीची आहेत.

पटलांचे आसावरून चार वर्ग पडतात. पहिले सूक्ष्मनिस्यंदन. त्याची छिद्रे १०० नॅनोमीटर किंवा त्याहून मोठी असतात. गाळ आणि जिवाणू त्यात अडकतात. दुसरे अतिनिस्यंदन. त्याची छिद्रे १० नॅनोमीटरच्या आसपास असतात, विषाणूही अडकतात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विजेशिवाय चालणारी घरगुती कँडल तयार केली, ती या वर्गातली. तिसरे नॅनोनिस्यंदन. येथे छिद्र एका नॅनोमीटरच्या आसपास येते, आणि औषधांचे बहुतेक रेणू नेमके याच मापाचे किंवा जरा लहान असतात. चौथे उलट परासरण. त्यात छिद्र असे म्हणण्याजोगे काही उरतच नाही. पाण्याचे रेणू पटलाच्या द्रव्यातूनच वाट काढतात.

म्हणजे पहिल्या दोन जाळ्यांतून औषध निसटते, चौथ्यात बहुधा अडकते, आणि खरी झुंज तिसऱ्याशी होते.

नुसता आस पुरत नाही

येथे निसर्गाने एक कोडे घालून ठेवले आहे. डायक्लोफिनॅकचा रेणुभार २९६ आहे. इथिनिल एस्ट्राडायॉलचा रेणुभारही २९६ च आहे. दोघांनाही जाळ्याने सारखेच वागवायला हवे. पण किंचित सैल विणीचे नॅनोनिस्यंदन पटल घेतले, तर डायक्लोफिनॅक चांगले अडते आणि संप्रेरक त्यामानाने जास्त निसटते. असे का?

पहिले कारण विद्युत्भार. डायक्लोफिनॅक हे आम्ल आहे. साध्या पाण्यात त्याचा रेणू एक हायड्रोजन सोडतो आणि ऋणभारित होतो. पॉलिअमाइडच्या पटलाचा पृष्ठभागही ऋणभारित असतो. समान भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही आठवी-नववीत शिकता. जाळ्याला टेकण्याआधीच हा मासा मागे ढकलला जातो. संप्रेरकाच्या रेणूवर असा भार नसतो, त्यामुळे त्याला कोणी ढकलीत नाही.

दुसरे कारण चिकटपणा. संप्रेरकाच्या रेणूला पाण्यापेक्षा तेलकट जागा आवडते, म्हणून तो पटलालाच चिकटतो. त्यामुळे नवे पटल लावल्यावर सुरुवातीला संप्रेरक अगदी छान अडल्यासारखे वाटते. प्रयोग थोड्याच वेळात थांबविला, तर कोणीही म्हणेल, पटल उत्तम आहे. पण पटलावरच्या जागा भरल्या, की चिकटलेले रेणू हळूहळू पटलातून सरकत पलीकडे उतरू लागतात. निसटणारे प्रमाण वाढते आणि मग एका पातळीवर स्थिर होते. २००४ च्या सुमारास नैसर्गिक संप्रेरकांवरील प्रयोगांतून हे स्पष्ट दाखविले गेले. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने यातून एक गोष्ट शिकावी. प्रयोग किती वेळ चालविला, यावरही त्याचे उत्तर अवलंबून असते.

उलट परासरणही सगळेच अडवीत नाही. अगदी लहान, भाररहित रेणू त्यातूनही थोडे निसटतात. म्हणूनच कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत २००८ पासून जे केंद्र शहराचे मैलापाणी शुद्ध करून भूजलात सोडते, तेथे एकाच जाळ्यावर विसंबत नाहीत. आधी सूक्ष्मनिस्यंदन, मग उलट परासरण, आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून जंबुपार किरणांचा मारा. जे जाळ्यातून सुटले, ते किरणांनी मोडायचे.

जाळ्यात अडकले, पुढे काय?

मच्छीमार जाळे ओढून मासळी घरी नेतो. पटलात अडकलेल्या औषधाचे काय करायचे? समजा, एका केंद्रात १०० लिटर पाणी शिरले, ७५ लिटर शुद्ध निघाले आणि २५ लिटर मागे उरले. १०० लिटरातले जवळजवळ सगळे औषध आता त्या २५ लिटरांत आहे, म्हणजे ते चौपट दाट झाले आहे. ते पाणी परत नाल्यात सोडले, तर आपण काहीच मिळविले नाही. नुसती जागा बदलली. पटल पदार्थ वेगळा करते, नष्ट करीत नाही. उरलेले दाट पाणी आटवून घन भाग सुरक्षित जाळणे, ओझोनने रेणू मोडणे किंवा सक्रिय कोळशात शोषून घेणे हे पुढचे काम उरतेच. त्याला वीज लागते, पैसा लागतो, आणि ते होते की नाही हे पाहणारा माणूस लागतो.

यावरून जाळे कोठे लावावे, हेही कळते. खाडीच्या तोंडावर लावू म्हटले, तर समुद्र गाळावा लागेल. गावाच्या नळावर लावले, तर माणसे वाचतील पण मासे नाही. कारखान्याच्या नळीच्या तोंडाशी पाणी थोडे असते, औषध दाट असते आणि ते कोणते हेही ठाऊक असते. तेथे लिटरमागे सर्वांत जास्त काम होते. इस्पितळे आणि शहरांची मैलापाणी केंद्रे त्यानंतर येतात. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायदा करून सुमारे शंभर मैलापाणी केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कोळसा यांची भर घालायला घेतली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ठरविले, की अशा जादा शुद्धीकरणाच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषधे व सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्यांनी उचलावा. म्हणजे जो पाणी बिघडवितो, त्यानेच जाळ्याचे पैसे द्यावेत.

तुम्ही विचाराल, मग घरोघरी आर. ओ. यंत्र बसवावे का? कोकणातल्या गोड्या पाण्यात क्षार बहुधा कमीच असतात. घरगुती यंत्रे पुष्कळदा एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतात. ज्या पाण्यातील विरघळलेले पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत, तेथे ही यंत्रे वापरू नयेत, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये दिला होता. शिवाय मोरीत गेलेले दाट पाणी शेवटी खाडीतच जाणार. घरी करण्याजोगी खरी गोष्ट साधी आहे. उरलेल्या गोळ्या संडासात टाकू नका. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून प्रतिजैविके घेऊ नका. दुखण्यावरचे मलम चोळलेले असेल, तर आंघोळीपूर्वी ते कागदाने पुसून घ्या.

करून पाहा

१. कोंबडीचे कच्चे अंडे एक-दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा. कवच विरघळेल आणि आतले पातळ पटल उरेल. मऊ झालेले अंडे दोऱ्याने मोजून साध्या पाण्यात एक दिवस ठेवा, मग साखरेच्या दाट पाकात एक दिवस ठेवा. दर वेळी पुन्हा मोजा. पाणी कोणत्या दिशेने गेले आणि का, ते वहीत लिहा. अंडे नंतर खाऊ नका.

२. पॅरासिटामॉलच्या रेणूत कार्बनचे ८, हायड्रोजनचे ९, नायट्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. एस्ट्राडायॉलमध्ये कार्बनचे १८, हायड्रोजनचे २४ आणि ऑक्सिजनचे २. दोघांचे रेणुभार काढा. (उत्तरे: १५१ आणि २७२.) एखादे नॅनोनिस्यंदन पटल सुमारे ३०० रेणुभाराच्या पुढचेच रेणू पक्के अडवीत असेल, तर या दोघांपैकी कोण अधिक सहज निसटेल?

३. शिक्षकांच्या मदतीने तुमच्या गावच्या पाण्याचा नकाशा काढा. पाणी कोठून येते, कोठे वापरले जाते, शोषखड्डा कोठे, गटार कोठे, आणि शेवटी ते कोणत्या पऱ्ह्यातून कोणत्या खाडीला मिळते, हे त्यावर दाखवा. मग एकच जाळे लावायचे असेल, तर ते कोठे लावाल, तेथे खूण करा.

कॅनडातल्या त्या तलावात चूक थांबविल्यावर मासे परतले होते. आपल्या खाड्यांतही ते परतू शकतील. त्यासाठी जाळे योग्य आसाचे हवे, योग्य जागी हवे, आणि त्यात अडकलेल्याची विल्हेवाट कोण लावणार हे आधी ठरलेले हवे.